तसलं म्हणजे कसलं?

आमच्या विजयकर बाईंसमोर नुसतं "पोटात दुखतंय" म्हणायची सोय नव्हती. पोटात म्हणजे कुठे? वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, बेंबीशी? "इथे" म्हणून हात ठेवला तरी भागायचं नाही, त्या "इथे"ला नाव हवं. आठवीतल्या एका मुलीने एकदा लाजत लाजत सांगितलं, "बाई, मला तिथे दुखतंय." बाई म्हणाल्या, "तिथे म्हणजे कुठे? ठाकुरद्वारला?" वर्ग फिदीफिदी हसला, ती मुलगी रडकुंडीला आली. मग बाईंनी तिला जवळ बसवून घेतलं, पाठीवर हात ठेवला आणि त्या जागेचं नाव खणखणीत मराठीत उच्चारलं. निम्म्या वर्गाने कानांवर हात ठेवले, उरलेल्या निम्म्याने ते नाव तिथल्या तिथे पाठ केलं. मी दुसऱ्या निम्म्यात होते.

बाई गिरगावातल्या मुलींच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या डोक्यावर राहायच्या. म्हणजे शाळा सुटली तरी माझी त्यांच्यापासून सुटका नव्हती. त्या पाठारे प्रभू. त्यांच्या पूर्वजांच्या म्हणे या भागात वाड्या होत्या, वाड्यांत नारळ होते, दाराशी घोडागाडी होती. त्यातलं बाईंच्या वाट्याला आलं ते इतकंच: मासळी पारखायची नजर आणि भाई.

भाई म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. गोरापान, इस्त्रीचा लेंगा, केसांत मधोमध भांग, आणि आयुष्यात काहीही न करण्याचं पक्कं व्रत. कुठल्याशा कंपनीत काही वर्षं कारकून होते, ती कंपनी बंद पडली आणि भाईंनी तो नशिबाचा कौल मानला. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी चौपाटी. लग्न दोघांचंही झालं नाही. बाईंचं का झालं नाही ते आम्हाला ठाऊक नव्हतं. भाईंचं का झालं नाही हे विचारायची गरज नव्हती.

पचनसंस्थेचा धडा बाई मोठ्या चवीने शिकवायच्या. लहान आतडं संपून मोठं आतडं जिथे सुरू होतं तिथे आल्या की छडी थबकायची. "हे आंत्रपुच्छ. इंग्रजीत अपेंडिक्स. पुच्छ म्हणजे शेपूट, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हे काय करतं? फारसं काही नाही. घरात राहतं, आयतं खातं, गप्प बसतं. गप्प आहे तोवर कुणाला त्याचा पत्ताही नसतो." नेमक्या त्याच वेळी, बाईंचा विसरलेला चष्मा घेऊन भाई वर्गाच्या दारात उभे राहिले. "ताई, चष्मा." त्या दिवसापासून अख्ख्या शाळेत भाईंचं नाव अपेंडिक्स पडलं. भाईंना ते कळलं तेव्हा ते जराही रागावले नाहीत. "काढून टाकत नाहीत ना, मग झालं," म्हणाले आणि चौपाटीला गेले.

बाईंचं खरं भांडण मात्र एका शब्दाशी होतं. तो शब्द म्हणजे "तसलं".

आमच्या गिरगावात कॅन्सर कुणालाच होत नाही. होतं ते "तसलं". "अगं, कुळकर्णीवहिनींना तसलं निघालं म्हणे." "साधी गाठ आहे ना? तसलं काही नाही ना?" हे बोलताना आवाज आपोआप खाली जातो, भुवया वर जातात आणि उजवा हात हवेत काहीतरी झटकतो. माझी आई तर तो शब्दसुद्धा पुरा उच्चारायची नाही, नुसतं "तस" म्हणून ओठ मिटायची. जगातल्या गाठी दोन प्रकारच्या, साधी आणि तसली, यावर आमच्या आळीतल्या डॉक्टरपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांचं एकमत होतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, तळमजल्यावरच्या सोहोनीकाकूंकडे. तिळगूळ वाटून झाला, आणि बायका खालच्या आवाजात कुणाच्या तरी जावेबद्दल बोलायला लागल्या. सोहोनीकाकू म्हणाल्या, "तिला तसलं झालंय." बाईंच्या हातात हलवा होता. त्या तिथूनच गरजल्या, "तसलं म्हणजे कसलं?"

सोहोनीकाकूंनी उघडं दार लोटून घेतलं.

"अवयव कुठला? प्रकार कुठला? पसरलंय की जागच्या जागी आहे? काही माहीत नाही, आणि तुम्ही त्या बाईला पोचवूनसुद्धा आलात! अहो, नाव माहीत नसलेल्या पाहुण्याला आपण घरात घेत नाही, आणि रोगाला असंच घेता?"

सोहोनीकाकूंनी त्यानंतर बाईंना कधी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. पण एक गंमत मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. कुणाच्या घरी कसला रिपोर्ट आला की त्या घरातली बाई, दुपारी भाई झोपले की, पदराखाली कागद लपवून जिना चढायची. सोहोनीकाकूही एकदा चढल्या होत्या. बाई दार लावून घ्यायच्या आणि एकेक शब्द सोडवून सांगायच्या. जिना उतरणाऱ्या बाईच्या डोळ्यांत कधी पाणी असायचं, पण चेहऱ्यावरचा गोंधळ गेलेला असायचा. वाईट बातमी स्वच्छ शब्दांत कळली की ती सोसायला निदान एक टोक हाताला लागतं, हे मला त्या जिन्यावर समजलं.

कोविड ओसरला त्याच्या पुढच्या वर्षी बाईंच्या स्वतःच्या पोटात दुखू लागलं. त्यांनी परळच्या हॉस्पिटलमध्ये थेट फोन लावला, कारण तिथे पोटाच्या सर्जन असलेल्या डॉक्टर नीलम परब त्यांच्याच विद्यार्थिनी. "नीलम, उजवीकडे, बेंबीपासून कमरेच्या हाडाकडे जाताना दोन तृतीयांश अंतरावर. दाबलं तर दुखतं, सोडलं तर जास्त दुखतं. तू काय ते ठरव, मला आंत्रपुच्छदाह वाटतो." डॉक्टर परबना ठरवायला काही उरलंच नव्हतं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, बाई घरी आल्या, आणि काढलेला तुकडा नेहमीप्रमाणे तपासणीला गेला.

रिपोर्ट घ्यायला भाई गेले होते. आयुष्यात त्यांना सांगितलेलं ते बहुधा पहिलंच काम. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, की दाह होता, पण तो एकटा नव्हता, आत एक ट्यूमर होता. भाईंना पुढचं काही ऐकूच आलं नाही. त्यांनी हात जोडले. "डॉक्टर, ताईला सांगू नका. ती फार हळवी आहे." बाई आणि हळवी! डॉक्टर परबना हसावं की रडावं कळेना. "भाई, त्यांना पुढे तपासण्या करायला यावं लागणार आहे. न सांगता कसं जमेल?" भाई म्हणाले, "मी आणीन काहीतरी सांगून," आणि रिपोर्ट लेंग्याच्या खिशात कोंबून बाहेर पडले.

इमारतीत आल्यावर त्यांनी तो माझ्या आईला सांगितला, कुणालाही न सांगण्याच्या अटीवर. संध्याकाळपर्यंत ती अट घेऊन बातमी आळीच्या तोंडापर्यंत पोचली. आणि मग सुरू झाला एक अफलातून कट. ज्या बाईने आम्हा सगळ्यांना रोगांची नावं घ्यायला शिकवलं, तिच्यापासून तिच्याच रोगाचं नाव लपवायचं! माझी आई साबुदाण्याची खीर घेऊन वर गेली. दूधवाला तब्येत विचारून गेला. सगळे इतके गोड बोलायला लागले, की कुणालाही संशय यावा. शेवटचा घाव सोहोनीकाकूंनी घातला. इतक्या वर्षांचा चारचौघांतला अबोला सोडून त्या मऊ भात आणि मेतकूट घेऊन गेल्या, बाईंच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुम्ही काही मनात आणू नका हं. साधीच गाठ आहे."

"गाठ?" बाई म्हणाल्या. "कसली गाठ? मला तर अपेंडिक्सचं दुखणं होतं!"

सोहोनीकाकू भाताचं भांडं तिथेच टाकून पळाल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला बँकेतून सुट्टी काढायला लावली. भाई झोपलेले पाहून आम्ही टॅक्सीने परळला गेलो. वाटेत बाई एवढंच बोलल्या, "साध्या अपेंडिक्सला कोण मेतकूट आणतं गं? ही माणसं माझं तेरावं जेवून मोकळी झालेली दिसतात."

डॉक्टर परबची खोली मोठी होती, बाहेर ताटकळलेले पेशंट, आत टेबलावर दोन फोन. पण बाई दारात दिसल्या आणि त्या पन्नाशीच्या सर्जन चटकन उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या राहिल्या नाहीत, त्यांनी हात मागे बांधले.

"बस," बाई म्हणाल्या. "आणि सांग."

"बाई, घाबरण्यासारखं नाही. म्हणजे, अगदी तसलं..."

"कसलं?"

डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाईंनी खुर्ची ओढून घेतली. "नीलम, अपेंडिक्सच्या ट्यूमरचे प्रकार सांग. पहिल्यापासून. घाई नाही."

मग जे झालं ते तोंडी परीक्षेपेक्षा वेगळं नव्हतं. डॉक्टरांनी एक कोरा कागद ओढला, त्यावर मोठं आतडं काढलं, त्याला शेपूट काढलं. बाईंनी शेपटाचा कोन दुरुस्त केला.

"पहिलं म्हणजे, बाई, हे सगळेच दुर्मिळ. पुष्कळदा अपेंडिक्स दुसऱ्याच कारणाने काढतो आणि मग तपासणीत कळतं. एक प्रकार न्यूरोएंडोक्राइन. बहुतेक वेळा टोकाशी, इवलासा असतो. लहान असला तर अपेंडिक्स काढलं की सहसा काम झालं, माणूस आपलं आयुष्य जगतो. दोन सेंटिमीटरच्या वर गेला तर उजवीकडचं आतडंही काढायला लागतं."

"न्यूरो म्हणजे मज्जातंतू. मेंदूचा संबंध नाही, हे पेशंटला सांगतेस ना? नाहीतर लोकांना वाटेल मेंदू पोटात उतरला."

"सांगते, बाई. दुसरा ॲडिनोकार्सिनोमा. हा सरळसरळ कॅन्सर, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसारखा. उजवं आतडं काढायचं, गरज असेल तर केमो. किती पसरलाय त्यावर सगळं अवलंबून. त्यातला सिग्नेट रिंग नावाचा, पेशी अंगठीसारख्या दिसतात, तो वाईट. मग गॉब्लेट सेल, पेल्यासारख्या पेशींचा. त्याला आधी पहिल्याचा भाऊ समजायचे, आता कॅन्सरमध्येच धरतात. पहिल्यापेक्षा वाईट."

"अंगठी, पेला. लग्नाचा रुखवत मांडलायस की काय? माझा कुठला?"

डॉक्टरांनी शेपटाच्या टोकावर पेन टेकवलं. "तुमचा म्युसिनस. चिकट द्रव तयार करणारा. लो ग्रेड."

"लो ग्रेड?" बाई ताठ झाल्या. "म्हणजे हलक्यातला? जन्मभर मुलींना ग्रेड दिले, आणि मला हा?"

"बाई, या एकाच परीक्षेत खालचा ग्रेड चांगला असतो."

बाईंना ते पटायला जरा वेळ लागला. मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो आळीतल्या प्रत्येक बाईने आजवर विचारला होता, फक्त त्यांच्या पद्धतीने. "कॅन्सर आहे की नाही? एका शब्दात."

"एका शब्दात येत नाही, बाई. कॅन्सरसारखा तो भिंतीत घुसत नाही. पण साधाही म्हणता येत नाही, कारण अपेंडिक्स फुटलं तर तो द्रव पोटात सांडतो, त्याबरोबर पेशी जातात आणि तिथे बसून हळूहळू जेली बनवत राहतात. तुमचं टोकाशी थोडं फाटलं होतं. बाहेर थोडा चिकटा दिसला, तो मी पुसून काढलाय."

साधी नाही आणि तसलीही नाही. मधलंच काहीतरी. सगळ्या जगाशी भांडून प्रत्येक रोगाला नाव देणाऱ्या बाईंना नाव तर मिळालं होतं, चांगलं लांबलचक मिळालं होतं, पण त्या नावाला दोन्ही घरांत जागा नव्हती. मला तेव्हा त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

"पुढे काय?" त्यांनी विचारलं.

"ठरावीक काळाने स्कॅन. कदाचित कधीच काही होणार नाही. कदाचित काही वर्षांनी जेली दिसेल."

"कदाचित या उत्तराला मी कधी मार्क दिले नाहीत."

"याला दुसरं उत्तर नाही, बाई." डॉक्टर परब हे बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज ओला होता.

बाईंनी ते चित्र उचललं. "मग पूर्ण मार्क," म्हणाल्या आणि उठल्या.

घरी आलो तेव्हा भाई जिन्याच्या कठड्याशी, चेहरा पांढराफटक. बाईंनी पहिल्या पायरीवरूनच आवाज लावला, म्हणजे सगळ्या इमारतीचं एकदमच काम व्हावं. "भाई! लो ग्रेड ॲपेंडिसियल म्युसिनस निओप्लाझम! म्हण!" भाईंनी "लो ग्रेड" म्हटलं आणि भोकाड पसरलं. "रडायचं नंतर, आधी म्हण," असं सांगत बाई वर चढल्या, आणि मग त्यांनीच भाईंचे डोळे पुसले. त्या रात्री वरून बराच वेळ नुसते बोलण्याचे आवाज येत होते, एरवी दोघं फारसं बोलत नसत.

नंतरची दोन वर्षं बाईंनी मजेत काढली. आपल्याला दुर्मिळ काहीतरी झालंय याचा त्यांना उघड अभिमान होता. कुणी विचारलं रे विचारलं की भेंडीचं उदाहरण द्यायच्या. "भेंडी चिरली की तार येते ना? तशी. पण थांबत नाही." आमच्या घरात त्या वर्षात भेंडीची भाजी कमी झाली. सोहोनीकाकूंशी बोलणं सुरू झालं आणि लगेच भांडणही, म्हणजे सगळं मूळपदावर आलं. एक दिवस मी सोहोनीकाकूंना कुणाला तरी फोनवर विचारताना ऐकलं, "हो, पण प्रकार कुठला?" मी आत जाऊन आईला सांगितलं, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

तिसऱ्या स्कॅनमध्ये जेली दिसली. त्याआधीच बाईंना कळलं होतं, कारण पाचवारीच्याच काय, नऊवारीच्याही निऱ्या पुरेनात आणि दोन घासांत पोट भरायला लागलं. मासळीच्या ताटावरून पाठारे प्रभू माणूस दोन घासांत उठतो म्हणजे गंभीर मामला. डॉक्टर परबनी यावेळी न विचारता सगळं सांगितलं. काही केलं नाही तर जेली हळूहळू वाढत जाईल आणि शेवटी आतडी अडतील. ऑपरेशन केलं, सगळी जेली काढून पोटात गरम औषध फिरवलं, तर पुष्कळ लोक पुढे कितीतरी वर्षं चांगले जगतात. पण ऑपरेशन दिवसभराचं आणि बाईंचं वय सत्तरीच्या पुढचं. ते सोसेल की नाही, हीच खरी जोखीम. बाई म्हणाल्या, "करू या."

ऑपरेशन चांगलं झालं. जेली सगळी निघाली, असं डॉक्टर म्हणाल्या. नंतर छातीत न्यूमोनिया झाला आणि बाई वारल्या. "गेल्या" म्हणत नाही मी. "कुठे गेल्या?" असं त्यांनी नक्की विचारलं असतं.

पण मला आठवतात त्या हॉस्पिटलमधल्या बाई नाहीत. ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला वर बोलावलं होतं. ऑपरेशनची तारीख ठरल्यापासून त्या भाईंना स्वयंपाक शिकवत होत्या. ज्या माणसाने सत्तर वर्षांत चहाचं आधण ठेवलं नव्हतं, तो घामाघूम होऊन गॅसपाशी उभा होता, लेंग्याला हळद, भांग विस्कटलेला. त्या दिवशी त्यांची परीक्षा होती, पापलेटचं आटलं, म्हणजे लसणीवर आटवलेलं प्रभूंचं कालवण. बाई पाटावर न बसता खुर्चीत बसल्या होत्या, पाटावर आता बसवत नसे. लसूण जळल्याचा वास जिन्यापर्यंत आला होता.

भाईंनी आधी बाईंना वाढलं, मग मला, स्वतः मात्र चमचा हातात धरून उभेच राहिले. मी पहिला घास घेतला. मीठ दोनदा पडलं होतं, मसाला कच्चा होता आणि लसणीचा कोळसा झाला होता. मी कसाबसा गिळला आणि बाईंकडे पाहिलं. आता भाईंचं काही खरं नव्हतं. यजमानिणीच्या तोंडावर "श्रीखंड आंबलंय" सांगणारी बाई ती.

बाई जेवत होत्या. सावकाश, एकेक घास, एकेक काटा बाजूला काढत. दोन घासांत भरणारं ते पोट, पण त्यांनी ताट निपटून पुसलं.

"कसं झालंय, ताई?" भाईंनी विचारलं.

"छान," बाई म्हणाल्या. "माझ्याहून छान."

"खरंच?"

"मी कधी खोटं बोलते का?" त्यांनी भाईंकडे बघत ताट पुढे केलं. "अजून वाढ."